जात्यावरची ओवी आणि मनाचें आरोग्य

आरोग्याची गोष्ट निघाली म्हणजे आपल्या मनांत प्रथम अन्न, पाणी, हवा आणि औषध हीं चार नांवें येतात; आणि तें योग्यच आहे. परंतु गाणें, वाद्य, नाच, नाटक, भजन यांचा आरोग्याशीं कांहीं संबंध असेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. या गोष्टींस आपण करमणूक म्हणतों, फार तर धर्मकृत्य म्हणतों. आणि करमणूक म्हणजे पोट भरल्यानंतरची चैन, अशी आपली समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे. त्यासाठीं दूरचें उदाहरण न घेतां आपल्या घरांतलेंच, म्हणजे जात्यावरच्या ओवीचें उदाहरण मी घेणार आहें.

मी ज्या गांवीं राहतों तें नेवासें, अहिल्यानगर जिल्ह्यांत, प्रवरा नदीच्या कांठीं आहे. शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, ज्ञानेश्वरांनीं येथेंच गीतेवरील आपली टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असें परंपरा मानते, तो पैस खांब पाहावयास आजहि दूरदूरचे लोक येतात. सुमारें नऊ हजार ओव्यांचा तो ग्रंथ आहे. परंतु ओवी कांहीं ज्ञानेश्वरांपासून सुरू झाली नाहीं. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें रचिलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत, महाराष्ट्रांत स्त्रिया धान्य कांडतांना ओवी गातात, असा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे पंडितांच्या पोथींत येण्यापूर्वीं ओवी उखळापाशीं नांदत होती. ज्या छंदांत महाराष्ट्राचें तत्त्वज्ञान सांगितलें गेलें, तो छंद कष्ट करणाऱ्या बायकांच्या तोंडीं आधींच होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आजच्या मुलांनीं जातें पाहिलें असलें तरी बहुधा तें लग्नाच्या हळदीपुरतें, किंवा अंगणाच्या कोपऱ्यांत उपडें पडलेलें. म्हणून त्या प्रसंगाचें थोडें वर्णन करतों. पहाटे, घरांतले पुरुष व मुलें निजलेलीं असतांना, सासू-सून किंवा दोघी जावा जात्याच्या दोन बाजूंस समोरासमोर बसत. एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एकीनें ओढावयाचें, दुसरीनें तें पुढें न्यावयाचें, आणि मधून मधून मुठीनें बाजरीची वैरण जात्याच्या तोंडांत घालावयाची. जात्याच्या घरघरीवर एकीनें ओवी उचलावयाची, दुसरीनें ती झेलावयाची. ओवी बहुधा दोन लांब ओळींची. तिच्यांत माहेर, आई, भाऊ, लेक, विठोबा, सीतेचा वनवास, पाऊस, दुष्काळ, सारें येत असे. जें दिवसां ओसरीवर बोलतां येत नसे, तें पहाटे जात्यावर गातां येत असे. सुनेनें सासुरवास बोलून दाखविला असता तर तो उद्धटपणा झाला असता. पण तिनें सीतेचें दुःख गाइलें तर त्यास हरकत कोण घेणार? नांव सीतेचें, दुःख आपलें. आणि समोर बसलेल्या सासूनेंहि एके काळीं तेंच गाइलेलें असे.

या ओव्या किती असतील? हेमा राईरकर व गी पॉइतवँ या अभ्यासकांनीं आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रांतील शेंकडों खेड्यांत बायकांपाशीं बसून त्या उतरून घेतल्या, तेव्हां त्यांची संख्या एक लक्षावर गेली. ज्यांपैकीं बहुतेक जणींस अक्षरओळख नव्हती, त्यांचें हें वाङ्मय आहे. हें वाङ्मय रचून व गाऊन त्या बायकांनीं नकळत आपल्या शरीराची व मनाची कोणती निगा राखली, हें आतां आपण क्रमानें पाहूं.

पहिली गोष्ट श्वासाची. मनुष्य स्वस्थ बसला असतां मिनिटास साधारण बारा ते अठरा वेळां श्वास घेतो. काळजी, भीति किंवा संताप असला म्हणजे श्वास उथळ व जलद होतो. आतां गाणारा मनुष्य काय करतो? तो झटकन श्वास घेतो आणि ओळ संपेपर्यंत तो हळूहळू सोडीत राहतो. श्वास सोडतांना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, घेतांना किंचित वाढतात. म्हणून उच्छ्वास लांबला कीं हृदयास विसांवा मिळतो. इटलींतील वैद्य लुचियानो बेर्नार्दी व त्यांचे सहकारी यांनीं २००१ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेवीस निरोगी माणसांस त्यांनीं ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि बौद्ध मंत्र म्हणावयास लावला. दोन्ही प्रकारांत श्वासाची गति मिनिटास सुमारें सहावर आली आणि हृदयाचा व रक्तदाबाचा ताल एकमेकांशीं जुळला. धर्म निराळे, भाषा निराळ्या, पण श्वास एकच. ओवीची लांब ओळ किंवा अभंगाचा चरण एका दमांत म्हणणाऱ्याचा श्वास याच वाटेनें जातो, हें कोणासहि स्वतःवर पाहून घेतां येईल.

दुसरी गोष्ट तालाची. एकट्यानें ओझें उचलणें आणि चौघांनीं एका हांकेनें उचलणें यांत केवढें अंतर असतें, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. मोटेवरचीं गाणीं, नावाड्यांचीं गाणीं, जात्यावरच्या ओव्या, हीं सर्व याच जाणिवेंतून निघालीं आहेत. ताल लक्ष धरून ठेवतो, आणि श्रम तेवढेच असूनहि ते कमी भासतात. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथें २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, एकत्र गाणाऱ्या तरुणांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले. सारे जण एकच प्रार्थनागीत गाऊं लागले म्हणजे त्यांचे ठोके एकाच वेळीं वाढूं व एकाच वेळीं मंदावूं लागत; कारण गाण्याच्या बांधणीनें सर्वांचा श्वास एक केला होता. दिंडींत चालणाऱ्या वारकऱ्यास हें शास्त्र माहीत नसतें. परंतु आळंदीहून पंढरपुरापर्यंतची ती कित्येक दिवसांची पायपीट साठी उलटलेलीं माणसेंहि करतात, त्यांत टाळ-मृदंगाचा वांटा किती मोठा आहे, हें तो आपणांस अवश्य सांगेल.

तिसरी गोष्ट उच्चाराची. मनांत कोंडलेलें दुःख बोलल्यानें हलकें होतें, हा अनुभव जुना आहे. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनीं १९८६ सालीं तो प्रयोगानें तपासला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या कांहीं गटांस त्यांनीं चार दिवस, रोज पंधरा मिनिटें, लिहावयास बसविलें. कांहींनीं क्षुल्लक विषयांवर लिहिलें. कांहींनीं आयुष्यांतील सर्वांत क्लेशकारक प्रसंग व त्या वेळच्या आपल्या भावना लिहिल्या. लिहितांना या दुसऱ्या गटांतील विद्यार्थी अधिक खिन्न झाले. पण पुढील महिन्यांत आजारपणासाठीं वैद्याकडे जाण्याची पाळी त्यांस कमी आली. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम बेताचाच आढळला आहे, तरी तो खोटा ठरलेला नाहीं. ओवी गाणाऱ्या बाईस कागद नव्हता व लेखणी नव्हती. पण दुःखास शब्द देणें आणि त्या शब्दांस वळण देणें, हें काम ती रोज पहाटे करीत होती. नुसतें रडणें आणि ओवी यांत हाच भेद आहे. रडण्यांत दुःख आपणांस ओढून नेतें. ओवींत दुःखास मापांत बसावें लागतें.

चौथी गोष्ट सोबतीची. इंग्लंडांत २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत प्रौढांचे कांहीं नवे वर्ग सात महिने पाहिले गेले. कांहीं गायनाचे, कांहीं हस्तकलेचे, कांहीं लेखनाचे. अखेरीस सर्वच वर्गांतील माणसें एकमेकांच्या जवळ आलीं. परंतु गाणाऱ्यांची जवळीक पहिल्या महिन्यांतच जमली. अनोळखी माणसांमधील भिंत गाण्यानें लौकर पडते, असा त्याचा अर्थ. परक्या घरांत नुकत्याच आलेल्या सुनेस याचें मोल किती असेल, याची कल्पना करावी.

बाळंतिणीच्या बाबतींत तर याहून स्पष्ट पुरावा आहे. बाळंतपणानंतर कित्येक स्त्रियांस खिन्नतेचा विकार जडतो. आपल्याकडे त्यास कोणी आळस म्हणतात, कोणी बाहेरची बाधा म्हणतात. वस्तुतः तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. लंडन येथें अशा १३४ मातांवर झालेला प्रयोग २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं मातांस दहा आठवडे बाळासह एकत्र गाण्याच्या वर्गास बोलाविलें, कांहींस खेळाच्या वर्गास, आणि कांहींस केवळ नेहमींचे उपचार मिळाले. ज्यांचा विकार मध्यम किंवा तीव्र होता, त्यांपैकीं गाणाऱ्या मातांस नेहमींच्या उपचारांवरील मातांपेक्षां लौकर उतार पडला. आपल्या पाळणागीतांचा उपयोग बाळास निजविण्यापुरताच आहे असें आपण समजतों. तो गाणाऱ्या आईसहि आहे.

वृद्धांविषयीं दोन शब्द. पक्षाघातानें वाचा गेलेल्या कित्येक रोग्यांस साधें वाक्य बोलतां येत नाहीं, पण लहानपणीं पाठ केलेलें गाणें शब्दांसकट म्हणतां येतें. हें पाहूनच बॉस्टन येथील वैद्यांनीं १९७३ सालीं, गेय उच्चाराच्या आधारानें रोग्यास पुन्हा बोलावयास शिकविण्याची पद्धति प्रसिद्ध केली. न्यूयॉर्क येथें पंचाहत्तरीपुढील ४६९ माणसांचा अभ्यास २००३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन व नृत्य यांत रमणाऱ्या वृद्धांत स्मृतिभ्रंशाचें प्रमाण कमी आढळलें. इंग्लंडांतील पन्नाशीच्या पुढील ६७१० माणसांची चौदा वर्षें पाहणी करून २०१९ सालीं असें दिसून आलें कीं, नाटक, संगीत, संग्रहालय अशा ठिकाणीं वर्षांतून एकदोन वेळां जाणाऱ्यांत मृत्यूचा संभव न जाणाऱ्यांपेक्षां शेंकडा १४ नीं, आणि त्याहून अधिक वेळां जाणाऱ्यांत शेंकडा ३१ नीं कमी होता. त्याच वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेनें तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन, कलेचा उपयोग रोग टाळण्यास व रोग्यास सांवरण्यास होतो, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

येथें एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. नाटकास जाणारा मनुष्य बहुधा सुस्थितींतला, हिंडता-फिरता व आधींच निरोगी असतो. तेव्हां नाटकामुळें तो जगला कीं जगण्याची ताकद होती म्हणून नाटकास गेला, ही शंका रास्त आहे. अभ्यासकांनीं संपत्ति, शिक्षण, आजार वगैरे गोष्टींचा हिशेब वजा करून पाहिला. तेव्हां फरक पुष्कळ कमी झाला, पण नाहींसा झाला नाहीं. म्हणून कला ही औषधाची जागा घेते असें कोणीं समजूं नये. मधुमेहाची गोळी सोडून हरिपाठ म्हणणारा मनुष्य देवाचीहि फसवणूक करतो आणि स्वतःचीहि. गोळी घ्यावी आणि हरिपाठहि म्हणावा.

दुसरी सूचना जात्याविषयीं. दळण हें अतिशय कष्टाचें काम होतें. गांवोगांव पिठाची गिरणी आली आणि बायकांच्या खांद्यांवरचा तो भार उतरला, हें फार चांगलें झालें. जातें पुन्हा घरांत यावें असें मी मुळींच म्हणत नाहीं. परंतु गिरणीनें दळण नेलें, त्याबरोबर कोणीं न मागतां ओवीहि गेली. कष्टाबरोबर बांधलेला विसांवा कष्टाबरोबरच निघून गेला, आणि त्या विसांव्याची जागा दुसऱ्या कशानें भरावयाची हें कोणींच पाहिलें नाहीं. घरांत दूरचित्रवाणी आली, हातांत मोबाइल आला. कानास आतां कांहीं उणें नाहीं. हवें तें गाणें हव्या त्या क्षणीं ऐकूं येतें. तोंड मात्र बंद झालें. ऐकणें हें सुखाचें आहे व हिताचेंहि आहे. परंतु वर सांगितलेल्या चार गोष्टींपैकीं लांब उच्छ्वास, आपल्या दुःखाचा उच्चार आणि समोरच्या माणसाची सोबत या तीन गोष्टी नुसत्या ऐकण्यानें मिळत नाहींत. त्यांसाठीं आपलें तोंड उघडावें लागतें.

मी शाळेंत असतांना मुलांस घरच्या आजीच्या ओव्या वहींत उतरून आणावयास सांगत असें. एका मुलाची आजी पति वारल्यापासून कोणाशीं फारशी बोलत नसे. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राही. नातवानें वही उघडतांच “मला मेलीला काय येतंय” म्हणून तिनें त्यास परत पाठविलें. दुसऱ्या दिवशीं मुलानें शेजारच्या आजीनें सांगितलेली एक ओवी तिला वाचून दाखविली. ती चुकीची आहे म्हणून ती उठून बसली. मग आठ दिवस रोज संध्याकाळीं वही भरत गेली, आणि पुढें ती शेजारणीस आपण होऊन बोलावूं लागली. तिचे गुडघे त्यामुळें बरे झाले नाहींत, आणि गेलेला मनुष्यहि परत आला नाहीं. पण घरांतल्या माणसांनीं तिचा आवाज पुन्हा ऐकला.

पुरुषांची स्थिति याहून निराळी नाहीं. किंबहुना अधिक कठीण आहे. पाऊस गेला, पीक बुडालें, कर्ज झालें, तरी पुरुषानें रडावयाचें नाहीं अशी आपली रीत. त्यास ओवीहि नव्हती. त्याच्यासाठीं एकच जागा होती, ती म्हणजे देवळांतलें भजन. तेथें टाळ हातीं घेतला कीं श्रीमंत-गरीब एका ओळींत उभे राहतात, आणि विठोबाकडे तक्रार करण्यास कोणाची लाज वाटत नाहीं. कीर्तनकाराच्या मागें ध्रुपद धरणारे टाळकरी पाहा. ज्यास गळा आहे तोहि तेथें आहे, आणि ज्यास नाहीं तोहि आहे. संत गाडगेबाबा दिवसां हातीं खराटा घेऊन गांव झाडीत आणि रात्रीं त्याच गांवांत कीर्तन करीत. कीर्तनांत ते लोकांस प्रश्न विचारीत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून वदवून घेत. स्वच्छतेचा व व्यसनमुक्तीचा उपदेश पुष्कळांनीं केला. पण ऐकणाऱ्याचें तोंड उघडविल्यावांचून उपदेश पोटांत जात नाहीं, हें ओळखणारे थोडे. आमच्याच जिल्ह्यांत जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० सालीं ग्रामीण आरोग्याचें काम सुरू केलें. तेथें खेड्यांतल्या अल्पशिक्षित व निरक्षर बायकाच आरोग्यसेविका झाल्या. आणि बाळंतिणीची काळजी, मुलांचा आहार हे विषय त्यांनीं गाण्यांतूनहि घरोघर पोंचविले.

याच्या उलट एक गोष्ट हल्लीं सर्वत्र दिसते. देवळावर ध्वनिक्षेपक असतो, त्यांतून ध्वनिमुद्रित भजन मोठ्यानें चालूं असतें, आणि देवळांत चार माणसेंहि नसतात. तें भजन कोणीं गाइलेलें नसतें. आजारी शेजाऱ्यास मात्र तें सोसावें लागतें. सरकारच्या २००० सालच्या नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत आवाजाची मर्यादा दिवसां ५५ व रात्रीं ४५ डेसिबल आहे. जें गाणें माणसाच्या गळ्यांतून निघून झोंप आणतें, तेंच कर्ण्यांतून निघून झोंप मोडतें.

तर मग काय करावें? खर्चाचें कांहींच नाहीं. गांवांत हरिपाठ किंवा भजनी मंडळ असेल तर आठवड्यांतून एक दिवस ऐकणारा म्हणून न जातां म्हणणारा म्हणून जावें. गळा नाहीं ही सबब कोणीं सांगूं नये. जात्यावर बसणाऱ्या बाईस गळ्याची परीक्षा कोणीं विचारली नव्हती. शिक्षकांनीं कविता नुसती समजावून न देतां वर्गाकडून चालीवर म्हणवून घ्यावी. वाचतांना अडखळणारें मूलहि सर्वांबरोबर म्हणतांना बहुधा अडखळत नाहीं. स्पर्धा व बक्षिसें थोडीं कमी करावींत, कारण स्पर्धेंत एक गातो आणि बाकीचे गप्प बसतात. बचत गटाच्या बैठकींत हिशेब आटोपल्यावर वडील बाईनें एक ओवी उचलावी आणि बाकीच्यांनीं ती झेलावी. हिशेबांत न सांगतां येणारें पुष्कळ कांहीं तेथें सांगितलें जाईल. आणि ज्या घरांत सत्तरीपुढची आजी आहे, त्या घरांतील नातवंडांनीं या आठवड्यांतच वही घेऊन तिच्यापाशीं बसावें. हें काम पुढील वर्षावर टाकण्यासारखें नाहीं. जात्यावर बसून ओवी गाइलेली ही बहुधा शेवटची पिढी आहे. आणि तिच्यापाशीं जें आहे तें ग्रंथालयांत जाऊन पडण्यापूर्वीं एकदां तरी घरांतल्या तोंडांत आलें पाहिजे.

नेवाशास येणारे यात्रेकरू पैस खांबास हात लावतात, मस्तक टेकतात आणि परततात. त्यांस माझी एवढीच विनंति आहे कीं, निघण्यापूर्वीं तेथें बसून चार ओव्या मोठ्यानें म्हणाव्या. सोबत कोणी असेल तर त्याच्यासह म्हणाव्या. त्या ओव्यांचा अर्थ जन्मभर शिकावयाचा आहेच. पण श्वास लांबविण्याचें, मन मोकळें करण्याचें आणि शेजाऱ्याचा सूर ऐकण्याचें काम पहिल्या ओवीपासूनच सुरू होतें.